वाड्याला माणूस द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



मी खेड तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. पेन्शनीत निघालेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि बदलीची भीती उरलेली नसते, म्हणून हे पत्र. खासगीत लिहिले असते तर आवक-जावक नोंदवहीत एक क्रमांक मिळून ते फायलीला लागले असते. उघड लिहिले म्हणजे निदान चार माणसे वाचतील आणि दोन माझ्याशी भांडायला येतील.

विषय राजगुरूनगरच्या राजगुरू वाड्याचा. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या जन्मघराचा.

आधी गावाच्या नावाची एक गंमत सांगतो. पुण्यात आमची एसटी लागते तेव्हा पाटीवर ‘राजगुरूनगर’ असते आणि कंडक्टर ओरडतो ‘खेड, खेड!’ तालुक्याचे नाव आजही खेडच आहे, सातबारावर खेड, तहसील खेड. गावाचे नाव बदलून आम्ही हुतात्म्याचे ऋण फेडले आणि बोलण्यात जुनेच नाव ठेवून कामाला लागलो. यात कुणाचा अनादर नाही, माणसाची जीभ अशीच चालते. पण नाव देणे स्वस्त असते आणि नावामागची गोष्ट सांभाळणे खर्चाचे, हे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी चौथीच्या मुलांना घेऊन वाड्यावर गेलो होतो. आमच्या वस्तीवरच्या शाळेची ती सहल. जीपगाडीत कोंबलेली एकवीस पोरे, डब्यात चपाती-चटणी. मुलांनी चपला काढल्या, रांगेत उभी राहिली, पुतळ्याला हार घातला, घोषणा दिल्या. मी मला पाठ असलेले सांगितले. जन्म २४ ऑगस्ट १९०८, फाशी २३ मार्च १९३१, लाहोर. त्यातल्या एका पोराने मला विचारले, “गुरुजी, तो झोपायचा कुठं?”

मी म्हणालो, इथेच कुठेतरी.

“इथंच म्हंजी कुठं?”

मला सांगता आले नाही. सांगायला दुसरे कोणी जवळ नव्हते. संरक्षित स्मारकाच्या पाटीवर काय लिहिलेले असते ते आपल्याला ठाऊकच आहे: नासधूस केल्यास किती कैद आणि किती दंड. घराबद्दल लेकरांना पहिली माहिती मिळते ती शिक्षेची.

त्या पोराचा प्रश्न बावळट नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. राजगुरूंच्या क्रांतिकारक सहकाऱ्यांनी ज्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांत त्यांच्या झोपेचे किस्से येतात. हा गडी मिळेल तिथे, मिळेल तेव्हा गाढ झोपायचा आणि त्यावरून साथीदार त्याची थट्टा करायचे. बावीस वर्षांच्या माणसाची ही ओळख नववीच्या पुस्तकातल्या चौकटीत मावत नाही. पण चौथीतल्या मुलाला तीच आधी हवी असते. त्याने नेमके दार ठोठावले होते, आत सांगायला माणूस नव्हता.

महोदय, माझे सगळे म्हणणे त्या एका गोष्टीभोवती आहे. वाड्याला पैसा द्या, जरूर द्या. पण तो बांधायला कमी आणि सांभाळायला जास्त द्या.

भीमेच्या काठावर हा वाडा आहे. जागा २,७८८ चौरस मीटर, म्हणजे आमच्या भाषेत साडेसत्तावीस गुंठे. जन्मखोली आणि थोरला वाडा या नावांनी आम्ही त्याचे भाग ओळखतो. राज्य संरक्षित स्मारक म्हणून त्याची नोंद आहे, म्हणजे तो आपल्याच खात्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. गावातली हुतात्मा राजगुरू स्मारक समिती २००४ पासून प्रजासत्ताकदिनी तिथे झेंडा लावते आहे. २३ मार्चला आणि २४ ऑगस्टला गर्दी होते, पुढारी येतात, मंडप पडतो. उरलेल्या ३६३ दिवसांबद्दल मी बोलतो आहे.

या वाड्याविषयीचे आराखडे मी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचतो. कात्रणेही ठेवली आहेत. प्रत्येक बातमीतला शब्द ठरलेला असतो, ‘भव्य’. भव्य स्मारक, भव्य प्रवेशद्वार, भव्य संग्रहालय. सरकारी मराठीत एवढा राबलेला दुसरा शब्द नसेल. आणि मला प्रश्न पडतो की ज्या माणसाचे मोठेपण लपून राहण्यात होते, क्रांतिकारी पक्षात ज्याला ‘रघुनाथ’ या टोपणनावाने ओळखत, त्याच्या घराला भव्य होण्याची एवढी घाई का?

कारण अंदाजपत्रकात आहे, असे मला वाटते. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळलेला माणूस आहे. शाळेला एकदा संगणक कक्ष मिळाला. खोली झाली, टेबले आली, संगणक आले, उद्घाटन झाले, फोटो निघाला. वीजबिलाला तरतूद नव्हती. मीटर कापले गेले तेव्हा संगणकांवर आम्ही गोणपाट टाकले. तो कक्ष शाळेतली सर्वांत स्वच्छ खोली म्हणून नंतर खिचडीचे तांदूळ ठेवायला कामी आला. असे का झाले, तर खोली भांडवली खर्चात बसते आणि बिल महसुली खर्चात. खोलीला एकदा मंजुरी लागते, बिलाला दर महिन्याला. खोलीची कोनशिला बसवता येते. बिलाची कोनशिला कोण बसवणार?

जन्मघरांचे तेच होते. निविदा निघते ती बांधकामाची. कंत्राटदार येतो, मुदत पाळतो किंवा पाळत नाही, रंग देतो, चावी देतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात कौल सरकले तर ते कुणी बसवायचे, याचे उत्तर त्या निविदेत नसते. वस्तूंची यादी कुणी करायची, आलेल्या शिक्षकाला कुणी बसवून घ्यायचे, जुन्या कागदांना कसर लागण्याआधी कुणी ऊन दाखवायचे, हे प्रश्न तर त्या कागदावर उमटतच नाहीत.

आता दुसरीकडे काय झाले ते पाहू. मी फार फिरलेला नाही, पोरबंदरला मात्र जाऊन आलो आहे. गांधीजींचे जन्मघर तिथे उभे आहे आणि त्याला लागून कीर्तिमंदिर. नानजीभाई कालिदास मेहता या उद्योगपतींनी आपल्या पैशांतून ते उभारले, २७ मे १९५० रोजी सरदार पटेलांनी त्याचे उद्घाटन केले. गांधीजी ७९ व्या वर्षी गेले म्हणून मंदिराची उंची ७९ फूट. मला त्या हिशेबाचे कौतुक आहे, पण माझे पाय खिळले ते शेजारच्या जुन्या घरातल्या त्या खोलीत, जिथे जन्माच्या जागी जमिनीवर स्वस्तिक काढले आहे. जिने अरुंद, खोल्या बुटक्या, उजेड बेताचा. बॅरिस्टर व्हायच्या आधीचा, भित्रा, अंधाराला घाबरणारा मोहन तिथे चटकन समजतो. ७९ फुटांची वास्तू मला महात्मा सांगत होती, ते मला आधीच माहीत होते. बांधणाऱ्यांनी एक शहाणपण केले की नवे बाजूला बांधले आणि जुन्याला जुने राहू दिले.

दुसरे उदाहरण आपल्याच सरकारचे आणि अभिमानाचे. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर तीस कोटींहून अधिक रुपये मोजून विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. घेतले ते फार चांगले केले. पण घर घेणे आणि घराचे संग्रहालय करणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. ती राहत्या वस्तीतली इमारत, तिचा वापर बदलायला तिथल्या कॅम्डन कौन्सिलची परवानगी लागत होती आणि ती नाकारली गेली. अपील झाले, सुनावणी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला हिरवा कंदील दाखवला. खरेदीला जेवढी तयारी केली तेवढीच वापराची केली असती तर ही साडेचार वर्षे वाचली असती. आपल्याकडे खेडला परवानगीची अडचण नाही, घरही आपले आणि खातेही आपले. तेव्हा सबब सांगायला तेवढी जागा कमी.

आणि तिसरे उदाहरण पुण्यातले, ते सांगताना मला वाईट वाटते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा. त्याचे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी कित्येक वर्षांची. प्रकरण कोर्टात चालले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, निकाल स्मारकाच्या बाजूने लागला आणि २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेने वाडा पाडला. पाडावाच लागला, कारण तोवर तो उभा राहण्याच्या पलीकडे गेला होता. ज्या भिंतींनी त्या पहिल्या मुलींचे पाढे ऐकले त्या भिंती गेल्या. आता तिथे स्मारक होईल, ते सुंदरही असेल. मी शिक्षक आहे, त्या जागेपुढे माझी मान खालीच असते. पण जिने चढून ‘हाच तो वर्ग’ असे म्हणण्याची सोय संपली ती संपली. भिडे वाडा दंग्यात जळला नाही, भूकंपात पडला नाही. वर्षे गेली, एवढेच झाले.

एकाच वेळी फाशी गेलेल्या तिघा हुतात्म्यांची घरे तीन ठिकाणी आहेत, हे आपल्या लक्षात असेलच. राजगुरूंचे आमच्याकडे. सुखदेव यांचे लुधियानात नौघरा मोहल्ल्यात, बाजाराच्या गल्ल्यांच्या बेचक्यात. तिथे जायला सरळ वाट असावी म्हणून त्यांच्या नातलगांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेपा घातल्या. भगतसिंगांचे घर तर सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या फैसलाबाद जिल्ह्यात, जरांवाला तालुक्यातल्या बंगा गावी. फाळणीनंतर ते घर ज्या मुसलमान कुटुंबाच्या वाट्याला आले त्यांनी त्याचा काही भाग जपून ठेवला. २०१४ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने त्याला वारसास्थळ जाहीर करून दुरुस्तीसाठी पैसे देण्याची घोषणा केली. जरा विचार करा. ज्या देशाशी आपली चार युद्धे झाली, तिथल्या एका घरातल्या माणसांनी कुणी न सांगता आपल्या हुतात्म्याच्या खोल्या झाडल्या. त्यांना अनुदान नव्हते, अभिरक्षक नव्हता. घरात माणूस होता, म्हणून खोली राहिली.

तीन घरांपैकी एक गल्ल्यांच्या बेचक्यात, एक परक्या देशात. सगळ्यांत सोयीचे घर आमचे आहे. पुण्याहून चाळीस किलोमीटर, हमरस्त्याला लागून.

समाधीसाठी या देशाने काय मोजले तेही सांगतो, कारण ‘एका घरावर एवढा खर्च कशाला’ असे म्हणणारे भेटतात. फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी हुसैनीवाला येथे तिघांच्या देहांना घाईघाईने अग्नी दिला गेला. फाशी २४ तारखेच्या सकाळी ठरली होती, ती आदल्या संध्याकाळीच उरकून प्रेते गुपचूप तिकडे नेली गेली. फाळणीत ती जागा पाकिस्तानात गेली. १९६१ साली सीमेची अदलाबदल करून, आपल्याकडची गावे देऊन, भारताने ती परत मिळवली. तेव्हाच्या सरकारने हौतात्म्याची जागा जमिनीच्या भावाने मोजली नाही. आम्ही खेडकर तर फक्त एक मिस्त्री आणि चार-पाच माणसे मागतो आहोत.

मिस्त्री कशाला ते सांगतो. माझे आजोबा सुतार होते, त्यामुळे या विषयात मी थोडा लांबणार.

आमच्याकडचा जुना वाडा म्हणजे दगडी जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, मधे भाजक्या किंवा कच्च्या विटांची भिंत, वर मातीचा गिलावा नाहीतर चुना. असा वाडा श्वास घेतो. पावसाळ्यात भिंत ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. त्याला सिमेंटचे प्लास्टर केले की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत तुळईचे टोक, जे भिंतीत रुतलेले असते, ते कुजायला लागते. चार-पाच वर्षांनी एक दिवस माळवद खचते आणि मग अभियंता येऊन लिहितो, ‘धोकादायक’. खरा धोका प्लास्टर करताना आत गेला होता. चुना मळायला वेळ लागतो. भिजवून मुरवावा लागतो, घाणीवर फिरवावा लागतो, जुने गवंडी त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालत. हे काम येणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती सर्वांत कमी दराच्या निविदेत सापडत नाहीत. त्यांना शोधून, ठरावीक मजुरी देऊन, वर्षातून दोनदा बोलवावे लागते: एकदा पावसाआधी, एकदा दिवाळीनंतर. वाळवी बघायची, कौले फिरवायची, पागोळ्यांचे पाणी जोत्यावर पडते का ते पाहायचे. नदीकाठचे घर आहे, ओल जमिनीतूनही चढते. या सगळ्याला मोठा खर्च येत नाही. त्याला सातत्य लागते आणि सरकारच्या कपाटात तीच वस्तू सगळ्यांत महाग आहे.

एक विनंती करून ठेवतो. जे काही नवे बांधायचे आहे, सभागृह असो की स्वच्छतागृह (स्वच्छतागृह आधी बांधा, मुलींच्या सहली त्यावाचून अडतात), ते जुन्या वाड्याच्या जिवावर बांधू नका. जुन्या ढंगाचे नवे लाकूडकाम करून ‘मूळ वाडा’ म्हणून दाखवू नका. बदललेला खांब बदललेला आहे असे कळू द्या.

आता वाड्यात दाखवायचे काय? फरार माणसाकडे सामान नसते. राजगुरूंची पगडी, राजगुरूंची दौत असले काही मिळायचे नाही आणि मिळाले असे कुणी म्हणाले तर मी आधी पावती मागेन. वडील लवकर वारले, थोरल्या भावाकडे शिकायला राहिले, भावाशी बिनसले आणि पोर घर सोडून निघाले ते काशीला पोहोचले. संस्कृत शिकले, कुस्ती खेळले, तिथेच क्रांतिकारकांची गाठ पडली. म्हणजे हे घर ज्याचे आहे त्याने ते लहानपणीच सोडले. त्याची ओळख जिथे घडली ती ठिकाणे बनारस, कानपूर, लाहोर. वाड्यात पुतळ्याऐवजी नकाशा असावा, असे मला म्हणूनच वाटते. खेडचा पोरगा लाहोरपर्यंत कोणत्या गाड्यांनी, कुणाच्या ओळखीने, कुठे उपाशी राहून गेला, याचा नकाशा.

त्या नकाशावरचा एक टप्पा मी वर्गात नेहमी सांगायचो. लाठीमारानंतर लाला लजपतराय गेले १७ नोव्हेंबर १९२८ ला, बरोबर महिन्याने १७ डिसेंबरला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. पहिली गोळी राजगुरूंची. शहराला पोलिसांचा वेढा. त्यातून बाहेर पडायला सोंग घेतले गेले: भगतसिंग साहेबी पोशाखात, त्यांची ‘पत्नी’ म्हणून क्रांतिकारक सहकारी दुर्गाभाभी, कडेवर त्यांचा खरा, तीन वर्षांचा मुलगा, आणि सामान वाहणारा नोकर म्हणून राजगुरू. साहेब वरच्या वर्गात बसले. लखनौला पोहोचल्यावर नोकर आपल्या वाटेने बनारसला गेला. मुले या ठिकाणी हमखास हसायची आणि मग एखादी मुलगी विचारायची, त्या बाईला भीती नाही वाटली? हे सगळे एका भिंतीवर मांडता येईल. दुर्गाभाभींचा फोटो आमच्या वाड्यात असला पाहिजे.

आणि कागद आहेत. भरपूर आहेत. लाहोर कटाच्या खटल्यासाठी १ मे १९३० ला खास वटहुकूम काढून न्यायाधिकरण नेमले गेले, ७ ऑक्टोबरला त्याचा निकाल आला. नेहमीच्या न्यायालयाची वाट टाळून तीन तरुणांना फासावर कसे चढवले गेले, हे त्या कागदांत तारीखवार आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या संग्रहालयाने २००७ मध्ये या खटल्यावर प्रदर्शन भरवले होते. २०१८ मध्ये लाहोरच्या अभिलेखागारानेही आपल्याकडची कागदपत्रे लोकांना पाहायला मांडली. मुंबईत आपल्या राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याच्या विशेष शाखेच्या जुन्या फायली आहेत. राजगुरू पकडले गेले ते पुण्यात, ३० सप्टेंबर १९२९ ला. पुण्याच्या पोलिसांनी मुंबई सरकारला तेव्हा काय लिहिले, याचा शोध घ्यायला कुणाला तरी सहा महिने त्या फायलींत बसवा. त्या शोधाला येणारा खर्च एका प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटएवढाही होणार नाही. छायाप्रती चालतील. अस्सल कागद मुंबईतच, थंड खोलीत राहू द्या.

हे कुणासाठी, असे आपले अधिकारी विचारतील. पर्यटकसंख्या, हा त्यांचा आवडता रकाना. उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. याच खेड तालुक्यात चाकणची एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडची पोरे हजारोंनी राबतात, रविवारी मोबाईल घेऊन एसटी स्टँडवर बसून राहतात. राजगुरू त्यांच्या मुलखात जाऊन संस्कृत शिकले, त्यांच्या शहरांत लपले, त्यांच्या भाषेत बोलले. वाड्यात मराठीबरोबर हिंदी पाट्या लावा आणि हो, गुरुमुखीतही लावा. घर सोडून परमुलखात गेलेल्या पोराची गोष्ट त्या पोरांना आमच्यापेक्षा लवकर कळेल. शिवाय चासमार्गे भीमाशंकरला जाणारे भाविक आमच्या गावातूनच जातात. आळंदीही याच तालुक्यातली. माणसांची वाण नाही. त्यांनी गाडी थांबवावी असे आत काहीतरी हवे, एवढेच.

आमच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने मला तोंडावर सांगितले, “गुरुजी, वाड्याला कशाला पैसा? त्येच्या नावानं दवाखाना काढा. माझी सून बाळंतपणाला पुण्याला न्यावी लागली.” मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. घरी आल्यावर विचार केला. तो म्हणतो ते भव्य प्रवेशद्वाराला लागू पडते, शंभर टक्के पडते. दवाखान्यात डॉक्टर नसताना वाड्यासमोर कारंजे उडाले तर मीही त्याच्या बाजूने उभा राहीन. पण दवाखान्याचे दुखणे तरी काय आहे? इमारती आहेत, माणसे नाहीत. उपकेंद्राला कुलूप, नर्सची जागा रिक्त. वाड्याचेही तेच. तो आणि मी एकाच आजाराबद्दल बोलत होतो आणि भांडत होतो.

म्हणून माझा हिशेब असा. जी काही रक्कम मंजूर होईल तिच्यातून दहा कोटी वेगळे काढा आणि वाड्याच्या नावाने कायम ठेव म्हणून ठेवा. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सत्तर लाख येतात. त्यात एक शिकलेला अभिरक्षक, ज्याला इतिहास आणि मोडी दोन्ही येते, त्याचा पगार निघेल. दोन मार्गदर्शक निघतील, शक्यतो तालुक्यातलीच मुलगी नि मुलगा. पहारेकरी, झाडणारी बाई, मिस्त्रीच्या वर्षातल्या दोन खेपा, वीजबिल (पुन्हा वीजबिल!), आणि दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना अभ्यासवृत्ती. बाकीच्या पैशांतून काय बांधायचे ते बांधा. हिशेब दरवर्षी वाड्याच्या दारात, पाटीवर, मराठीत लावा. शिक्षेच्या पाटीशेजारी जागा असेलच. या ठेवीचा कारभार पाहणाऱ्या समितीत स्थानिक लोक घ्या, पण अध्यक्षपद आमदाराकडे देऊ नका. ते निवडणुकीबरोबर बदलते आणि वाडा प्रत्येक वेळी नव्याने रंगतो.

राजगुरू कोणत्या जातीचे, कोणत्या विचाराचे, कोणत्या पक्षाच्या जवळचे, याची ओढाताण वाड्यात येऊ देऊ नका, हे अभिरक्षकाच्या नेमणूकपत्रातच लिहा. ज्या संघटनेत ते होते तिच्या नावात ‘समाजवादी’ होते आणि ‘प्रजासत्ताक’ही होते. दोन्ही शब्द भिंतीवर पूर्ण लिहा. हिंदुस्तान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन. कुणाला आवडो न आवडो.

तो चौथीतला पोरगा आता चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटला. त्याला ती सहल आठवते, पुतळा आठवत नाही. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सांगितलंच नाही, तो झोपायचा कुठं.” त्याला मी वाड्यावर यायला सांगितले आहे. काय दाखवणार आहे, देव जाणे.

आपल्यालाही बोलावतो. पण २३ मार्चला येऊ नका, तेव्हा मंडपामुळे घर दिसत नाही. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, साध्या मंगळवारी-बुधवारी या, भीमा चढलेली असताना. ताफा पुण्यात ठेवा. छत्री आणा, आणि जमल्यास बांधकाम खात्याच्या अभियंत्याऐवजी एखादा म्हातारा गवंडी बरोबर आणा. दोघे मिळून आधी जन्मखोलीच्या भिंतीला हात लावून बघा, ओल किती उंच चढली आहे. मी चहा घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. खेड, जि. पुणे